३५० स्मॉल ब्लॉकला डॅम्पर पावणेसात इंची घ्यावा की आठ इंची?

दिंडोरीचा बागायतदार

नमस्कार मंडळी. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-एटमध्ये हात घातलेलं कुणी नाशिकात किंवा आसपास आहे का? विषय आडवाटेचा आहे, म्हणून आधी गाडी सांगतो.

आमच्याकडे १९६५ची इम्पाला आहे. आजोबांनी दिल्लीहून आणली, कुठल्याशा वकिलातीची वापरलेली, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातली. मूळ इंजिन २८३ क्युबिक इंचांचं आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पॉवरग्लाइड. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चुलत्यांनी बॉनेटखाली डिझेल इंजिन बसवलं. तालुक्यातले निम्मे नवरदेव त्या डिझेल इम्पालात बसून मांडवात गेलेत. मूळचं २८३ शेडमध्ये जाम होऊन पडलंय.

आता एका ओळखीतून सत्तरच्या दशकातल्या शेव्हर्ले पिकअपचं ३५० मिळालंय. ब्लॉकवर कास्टिंग नंबर ३९७००१०, मागचं मेन सील दोन तुकड्यांचं. क्रँक कास्ट म्हणजे ओतीव आहे, फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेला नाही. बोअर तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून नवे पिस्टन घातले, क्रँक दहा थाऊ अंडरसाइझ ग्राइंड झाला. कॅम मूळपेक्षा थोडा तिखट, पण हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटच. ताकद ५,२०० आरपीएमच्या आसपास संपते आणि मी ५,५००च्या वर नेणार नाही. कॉम्प्रेशन नवाच्या घरात ठेवलंय, आपल्या पंपावरचं पेट्रोल बघून.

अडलंय डॅम्परपाशी, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावर बसणाऱ्या, त्याची थरथर शोषणाऱ्या जड चकतीपाशी. सोबत आलेला पावणेसात इंची आहे, पण त्याचं रबर पुढून फुगलंय आणि बाहेरची रिंग मधल्या हबपेक्षा दीडेक मिलिमीटर पुढे सरकलीय. तो फेकणार. भाचा न्यू जर्सीहून दिवाळीआधी येतोय, त्याच्या बॅगेत एक डॅम्पर बसेल. मामी आधीच म्हणतेय की पोरगं कपडे आणणार की लोखंड. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: पावणेसात इंची रबरवाला, आठ इंची रबरवाला, आणि सव्वासहा इंची सिलिकॉन द्रवाचा, ज्याला तिकडे व्हिस्कस म्हणतात. तिसऱ्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट.

वापर म्हणजे रविवारी वणीवरून सापुतारा, कधी इगतपुरी. शर्यत नाही, पण घाटात दाबणार हे नक्की. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मला मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे त्याआधी ठरवायचंय.

कसारा एक्सप्रेस

आठ इंची घे भो. मोठा म्हणजे चांगला, एवढं सोपं आहे. नाहीतर सरळ डॅम्परच काढून टाक. माझ्या सिटीला, जुनी १.५ व्हीटेक, मी अॅल्युमिनियमची हलकी पुली टाकलीय. रबर नाही, रिंग नाही. ऑटोक्रॉसला गाडी अशी पळते की बस. डॅम्पर वगैरे कंपन्यांनी आवाज कमी करायला दिलेली चैन आहे.

अंबडचा टर्नर

बागायतदार, प्रश्न चांगला आहे पण उलट्या टोकाकडून विचारलाय. व्यास सगळ्यात शेवटी बघायचा. त्याआधी डॅम्पर तुमच्या इंजिनाच्या बॅलन्सचा आहे का ते बघायचं, मग क्रँकच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, नीट बसतो का ते. एक्सप्रेस यांच्या पुलीकडे नंतर येतो.

आधी हा तुकडा करतो काय ते पाहू. आठ सिलिंडरच्या फोर स्ट्रोकमध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात चार स्फोट होतात. ५,२५० आरपीएमला सेकंदाला साडेसत्त्याऐंशी फेरे, म्हणजे सेकंदाला ३५० धक्के. प्रत्येक धक्क्याला तो क्रँकपिन थोडा पुढे पिळला जातो आणि परत मागे येतो. डोळ्यांना क्रँक कितीही जाड दिसला तरी तो पोलादी स्प्रिंगच आहे. मागचं टोक फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असते ती तबकडी) आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या वजनाने धरलेलं असतं, पुढचं मोकळं, त्यामुळे सगळ्यात जास्त थरथर पुढच्या टोकाला. डॅम्पर पुढे असतो तो याच कारणाने. पुली लावायला जागा हवी म्हणून नव्हे.

आता प्रत्येक क्रँकची पिळवटून सुटण्याची स्वतःची एक गती असते. धक्क्यांची गती तिच्याशी जुळली की थरथर वाढतच जाते. विसर्जन मिरवणुकीत आपला नाशिक ढोल घरासमोरून जाताना एका विशिष्ट ठेक्यालाच खिडकीची काच गुणगुणते, बाकीच्या वेळी गप्प असते, तोच प्रकार. नुसता ३५० हाच आकडा धोक्याचा असं नाही, त्याच्या पटीतले धक्केही असतात, त्यामुळे खालच्या आरपीएमलाही लहान-मोठ्या जागा येतात. तुम्ही ५,५००ला थांबलात तरी वर जाताना त्यांतून जाणारच.

रबरवाल्या डॅम्परमध्ये हब क्रँकवर घट्ट, बाहेर जड रिंग, मध्ये रबर. क्रँक मागेपुढे झटके मारतो तेव्हा रिंग जडत्वाने आपल्या चालीने फिरत राहते. दोघांमधली ओढाताण रबर अंगावर घेतं आणि गरम होतं. थरथरीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. रिंगचं जडत्व आणि रबराचा कडकपणा या दोन्हींच्या मेळातून तो डॅम्पर कुठल्या गतीवर सर्वांत चांगलं काम करणार हे ठरतं. म्हणजे नुसता व्यास सांगून काहीच कळत नाही. आठ इंची रिंगला चुकीचं रबर असेल तर ती नीट जुळवलेल्या पावणेसात इंचीपुढे हरेल.

तरी हिशोब हवाच असेल तर घ्या. रिंगचं वजन तेवढंच ठेवून व्यास पावणेसातवरून आठ केला तर जडत्व साधारण १.४ पट होतं. रिंगची रुंदी-जाडी तीच ठेवली, म्हणजे वजनही वाढलं, तर १.६६ पट. फरक मोठा आहे, नाकारत नाही. शेव्हर्लेनेही साध्या ३५०ला पावणेसात आणि वर पळणाऱ्या इंजिनांना आठ इंची दिला, उदाहरणार्थ झेड-२८चं ३०२ आणि १९७०चं एलटी-१. पण त्या इंजिनांना फोर्ज्ड क्रँक आणि सॉलिड टॅपेट होते, ती आरामात ६,०००च्या वर जायची. तुमचं इंजिन त्या घरातलं नाही आणि तुम्ही ते तसं वापरणारही नाही.

गाडीच्या उठावाची काळजी करू नका. दीड टनापेक्षा जड गाडी, मागे तेलाने भरलेला कन्व्हर्टर. पुढे किलोभर जास्त-कमी झाल्याने पायाला काही कळणार नाही. फक्त तेवढं वजन पुढच्या मेन बेअरिंगच्या बाहेर लटकतं हे लक्षात ठेवा.

व्हिस्कसचं सांगतो. बंद डबा, आत मोकळी रिंग आणि घट्ट सिलिकॉन द्रव. तो एका गतीला बांधलेला नसतो, सगळ्या रेंजमध्ये थोडंथोडं काम करतो. स्ट्रोक बदलला, रॉड बदलले, पिस्टन खूप हलके केले, म्हणजे क्रँकची मूळ गतीच सरकली, तर हा घ्यावा. रबर नाही म्हणून सरकणंही नाही. पण डब्याला ठोका बसून पोचा आला की तो भंगार, कारण आतली फट केसाएवढी असते. आणि आमच्या कामाची गोष्ट: तो बॅलन्सिंग मशीनवर क्रँकबरोबर फिरवायचा नसतो. मशीनच्या कमी वेगाला आतली रिंग तळाशी बसते आणि काटा खोटं बोलतो.

तुमचा स्ट्रोक मूळचा ३.४८ इंच, रॉड मूळचे, मर्यादा ५,५००. मी असतो तर पावणेसात इंची नवा रबरवाला, न्यूट्रल बॅलन्सचा, म्हणजे एकीकडे जादा वजन नसलेला, घेतला असता आणि उरलेले पैसे क्रँक बॅलन्सिंगला घातले असते. व्ही-एटचा क्रँक बॉबवेट लावल्याशिवाय बॅलन्स होत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चार सिलिंडरची सवय, क्रँक नुसता रोलरवर ठेवतात आणि ‘झालं’ म्हणतात. कुणाकडे टाकाल तिथे आधी विचारा, बॉबवेट बनवणार का. फिरणारं वजन पूर्ण आणि वरखाली जाणारं निम्मं धरून प्रत्येक पिनला वजन बांधावं लागतं, तुमच्या इंजिनाला ते १,८०० ग्रॅमच्या आसपास येईल. पिस्टन, पिन, रिंगा, रॉड, बेअरिंग सगळं तोलल्याशिवाय नेमका आकडा मिळत नाही.

एक्सप्रेस, तुमच्या सिटीबद्दल. चार सिलिंडरचा क्रँक आखूड, त्याची मूळ गती वर असते, म्हणून तुमचं अजून भागतंय. पण होंडाने त्या पुलीत रबर चैन म्हणून घातलेलं नाही. त्या इंजिनात ऑइल पंपाचा रोटर थेट क्रँकच्या नाकावर बसतो. क्रँकची थरथर पहिल्यांदा त्यालाच लागते. पंप उघडून रोटर बघितलाय का कधी?

कसारा एक्सप्रेस

काका, पंप मी प्रत्येक सीझनला नवा टाकतो. त्यामुळे जुन्याकडे बघायची वेळच आली नाही.

अंबडचा टर्नर

जुना टाकून दिला नसेल तर रोटरच्या कानांवर डाय पेनेट्रंट, म्हणजे तडे दाखवणारा रंगीत द्रव, मारून बघा. मग बोलू.

ओल्या पायाचा मिशिगनकर

नाशिकरोडचा, सध्या डेट्रॉइटच्या बाहेर. इथे हे इंजिन म्हणजे आपल्याकडच्या लुनासारखं, प्रत्येकाच्या काकाकडे एक होतंच. टर्नरकाकांचं जवळजवळ सगळं पटलं, एक सोडून.

मी असतो तर आठ इंची घेतला असता, जडत्वासाठी नाही, खुणांसाठी. आठ इंची रिंगच्या कडेवर एक अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटर, पावणेसात इंचीवर दीड, सव्वासहावर १.४ सुद्धा नाही. हे इंजिन वितरकावर, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर, चालतं, टोटल अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी जास्तीत जास्त किती अंश लवकर पडते ते) ३४ ते ३६ अंशांच्या दरम्यान कुठेतरी बसवावा लागतो, आणि ते टायमिंग लाइट धरून, पंख्यापासून बोटं वाचवत करायचं असतं. मोठ्या रिंगवर डोळ्यांना सोपं जातं. चाळिशी ओलांडल्यावर हा मुद्दा लहान नाही.

पण त्याआधी दोन गोष्टी बघ. तुझ्या टायमिंग कव्हरवर पट्टी, म्हणजे टॅब, वेल्ड केलेली आहे का? पावणेसात इंचीसाठीची पट्टी आठ इंची रिंगला सरळ आडवी येते. मग कव्हर बदल किंवा बोल्टने बसणारी वेगळी पट्टी घे. आणि शून्याची खूण डॅम्पर कुठल्या काळातला आहे त्यावर अवलंबून असते. १९६९मध्ये शेव्हर्लेने क्रँकच्या नाकावरच्या चावीच्या खाचेपासून त्या खुणेचं अंतर बदललं, आधी साधारण २ अंश होतं, नंतर १०. कव्हर एका काळातलं आणि डॅम्पर दुसऱ्या काळातला असला की टायमिंग आठ अंशांनी खोटं दिसतं आणि माणूस महिनाभर कार्बोरेटर उघडत बसतो. त्यामुळे कुठलाही डॅम्पर बसवलास तरी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून, दोन्ही बाजूंनी फिरवून, खरं टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, काढ आणि खूण स्वतः कर.

दुसरं, भाच्याला सांग की ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या आठ इंचीच्या नादी लागू नको. त्यांतले बरेच ४०० क्युबिक इंच इंजिनाचे असतात. ४०० बाहेरून बॅलन्स केलेलं होतं. त्याच्या डॅम्परला मागच्या बाजूने एकीकडे जादा वजन ओतलेलं असतं. ३५०वर तो बोल्टसकट मस्त बसतो, कुठे अडत नाही, आणि इंजिन सुरू झालं की आरसे हलायला लागतात.

शर्यतीचं सर्टिफिकेट, म्हणजे एसएफआय १८.१, हे तुला लागणार नाही. इथे एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या ट्रॅकवर पाव मैल १०.९९ सेकंदात किंवा त्याहून लवकर काढणाऱ्या गाड्यांना ते बंधनकारक आहे. तुझी इम्पाला त्या वेळेत पाव मैल काढायला लागली तर मीच तिकीट काढून बघायला येईन. तरी हा नियम कशासाठी ते माहीत असू दे: ६,००० आरपीएमला आठ इंची रिंगची कड ताशी २३० किलोमीटरने फिरत असते. ती हबवरून सुटली तर बॉनेट तिला अडवत नाही.

दिंडोरीचा बागायतदार

बापरे, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. दोघांचेही आभार.

मिशिगनकर, तुमचं वाचून भाच्याने पाठवलेला फोटो परत बघितला. आठ इंची, अगदी स्वस्त, ‘३५०ला चालेल’ असं लिहिलेलं. मागच्या बाजूला अर्धचंद्रासारखा जाड भाग आहे. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, सगळ्यांना चालतो. सोडला.

टायमिंग कव्हरवर पट्टी वेल्ड केलेलीच आहे, पावणेसातची.

काका, तुम्ही नाकाचं म्हणालात म्हणून शेजारच्या टूलरूमवाल्याकडून मायक्रोमीटर आणून क्रँकचं नाक मोजलं. ३१.६४५ मिलिमीटर, दोन-तीन जागी जवळपास तेच. पुढे बोल्टचं भोक आहे, आटेही चांगले दिसतात. गंमत म्हणजे शेडमधल्या २८३च्या क्रँकला भोकच नाही, नाक भरीव. तिथे डॅम्पर कशावर टिकत होता?

आणि मिस्त्री म्हणतोय की लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्याने बसवू, सगळे तसंच करतात. करू का?

अंबडचा टर्नर

नका करू. सविस्तर सांगतो, कारण डॅम्पर बिघडतात ते निम्मे बसवतानाच.

त्या २८३मध्ये डॅम्पर फक्त घट्ट बसण्यावर टिकत होता. सुरुवातीच्या बऱ्याच स्मॉल ब्लॉकना बोल्टचं भोक दिलेलंच नव्हतं. यावरून काय ते समजा: बोल्ट हा राखणदार आहे, भार तो घेत नाही. चावीही घेत नाही. चावी फक्त जागा दाखवते. भार घेतो तो इंटरफेरन्स, म्हणजे भोक नाकापेक्षा किंचित लहान असणं. तुमचं नाक ३१.६४५, तर हबचं भोक ३१.६२च्या आसपास हवं, म्हणजे २५ मायक्रॉन, एक थाऊ. याच्या निम्म्याच्या खाली आलं तर हब नाकावर सूक्ष्म हलत राहतो, लालसर पूड पडते, चावीची खाच रुंद होते, आणि त्या खाचेतून नाकाला तडा जातो. दोन थाऊच्या वर गेलं तर चढवताना हब तरी फाटेल किंवा तुमचं कंबरडं. नवा डॅम्पर हातात आला की आधी भोक मोजा. बोअर गेज नसेल तर घेऊन या. जास्त घट्ट असेल तर होनिंग करून देतो. हाताने पॉलिश पेपर मारत बसू नका, भोक ढोलकं होतं.

हातोडा का नको? रबरवाल्याच्या बाहेरच्या रिंगवर ठोका बसला तर पहिल्याच दिवशी रिंग सरकते. हबवर बसला तर तो धक्का क्रँकमधून मागच्या थ्रस्ट बेअरिंगला (क्रँकचं पुढेमागे सरकणं अडवणाऱ्या) जातो. या इंजिनात थ्रस्ट पाचव्या मेन बेअरिंगला आहे, एकदम मागे, म्हणजे क्रँकच्या पूर्ण लांबीतून. नव्या बेअरिंगला तुम्ही सलामी देताय हातोड्याने.

बोल्टनेही ओढून घेऊ नका. सुरुवातीला चार-पाचच आटे पकडतात, तेवढ्यावर पूर्ण इंटरफेरन्स ओढला की क्रँकमधले आटे बाहेर येतात. मग नाकात हेलिकॉइल (बिघडलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवायला तुम्ही माझ्याकडे याल आणि मला चांगलं वाटणार नाही. आटे ७/१६ इंच, २० टीपीआय (इंचाला वीस आटे), यूएनएफ म्हणजे इंची मापाचे बारीक आटे. त्याच आट्यांचा लांब स्टड करून घ्या, चांगल्या पोलादाचा, बांधकामाचा थ्रेडेड रॉड चालणार नाही. पूर्ण खोलपर्यंत नाकात बसवा, हबवर जाड वॉशर, त्यावर थ्रस्ट बेअरिंग, त्यावर नट. नट फिरवत डॅम्पर चढवायचा. यूएनएफचे टॅप आणि नट शोधायला फार लांब जायला नको, जुन्या महिंद्रा जीपवर काम करणाऱ्यांकडे हे सगळं असतं, त्या गाड्यांनी ते आटे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकवले. द्वारकेकडे विचारा.

गरम करून चढवायचं कुणी सुचवलं तर गॅसची ज्योत अजिबात नाही, रबर गेलं समजा. गरम पाण्यात हब बुडवून काढला तर हरकत नाही, पण नीट मोजलेल्या हबला त्याची गरज पडत नाही.

काढतानाही तेच. बाहेरच्या रिंगला तीन पायांचा पुलर लावणारा मिस्त्री दिसला की त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. हबमध्ये तीन भोकं असतात, पुलर त्या बोल्टांवरच.

हबचा मागचा गळा जिथे कव्हरच्या सीलमध्ये फिरतो तिथे बोट फिरवा. जुन्या हबवर तिथे खाच पडलेली असते आणि नवं सील टाकूनही तेल गळतं. तुमचा नवा आहे, तरी चढवताना तिथे तेल लावा.

मिशिगनकर, खुणांचा तुमचा मुद्दा मान्य. पण त्यांच्या कव्हरवर पावणेसातची पट्टी आहे, आणि माणूस अॅडव्हान्स वर्षातून किती वेळा बघणार? मी तरी कव्हरला हात लावला नसता.

ओल्या पायाचा मिशिगनकर

कव्हर तसंच ठेवायचं असेल तर पावणेसातच, वाद नाही. फक्त रिंगवर अंशांची पट्टी चिकटव, पावणेसातसाठीची, दुसऱ्या मापाची चिकटवलीस तर अंश खोटे. आणि एक काम करायला लाव मिस्त्रीला: बसवल्यावर हबपासून रिंगपर्यंत, रबरावरून आडवी, पांढऱ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ. दर ऑइल चेंजला तिच्याकडे बघ. रेघ तुटून दोन तुकडे झाले तर रिंग सरकायला लागलीय. बाकी कुठलंही गेज लागत नाही.

कसारा एक्सप्रेस

मागच्या सीझनचा पंप सापडला. भंगाराच्या डब्यातच होता. पेनेट्रंट मारलं काका. एका कानाच्या मुळाशी लाल रेघ आहे, नखाएवढी.

पुली लगेच काढतोय असं नाही, पण जुनी मूळ पुली कुठे ठेवलीय ते शोधतोय. दोन प्रश्न: ती वीस वर्षांची आहे, रबर चांगलं कसं ओळखायचं? आणि तो क्रँकचा बोल्ट दीड फुटी पान्यानेही हलत नाही, इम्पॅक्ट मारू का?

अंबडचा टर्नर

रबराला नख रुतवून बघा. दाबल्यावर परत येत असेल आणि चिरा नसतील तर ठीक. नखाला टणक लागलं, चकाकी आली असेल किंवा तेलाने फुगलं असेल तर ती पुली भिंतीवर लावा. बसवल्यावर डायल लावून रिंगचं डगमगणं बघा. नवी मिळत असेल तर नवीच घ्या, रबराचं आयुष्य किलोमीटरमध्ये नाही, वर्षांत जातं.

बोल्टचं म्हणाल तर होंडाचा तो बोल्ट कुप्रसिद्धच आहे. पुलीच्या मध्यभागी मोठी षटकोनी जागा आहे, ५० मिलिमीटरची. तिच्यात बसणारा होल्डर करून घ्या, तो जमिनीला टेकवा, आणि लांब पाइप लावून हळू जोर द्या. तुमचं इंजिन उलट्या दिशेने फिरतं, पण बोल्टचे आटे सरळच आहेत, नेहमीसारखाच सुटतो. पुष्कळ जण दिशेत गोंधळून अजून आवळतात.

दिंडोरीचा बागायतदार

ठरलं. पावणेसात इंची, न्यूट्रल, नवा रबरवाला. भाच्याला लिंक पाठवली. मामीला सांगितलं की लोखंड थोडं कमी झालं.

काका, क्रँक बॅलन्सिंगला तुमच्याकडेच आणतो. बॉबवेट तुम्ही करता ना? सोबत काय काय आणू?

अंबडचा टर्नर

करतो. क्रँक, आठही पिस्टन पिनसकट, रॉड बोल्टसकट, एका सिलिंडरच्या रिंगांचा सेट, बिगएंडच्या बेअरिंगची एक जोडी, आणि फ्लेक्सप्लेट. फ्लेक्सप्लेट विसरू नका. त्याच्यावर वजन वेल्ड केलेलं असेल तर ती तुमच्या इंजिनाची नाही, दोन तुकड्यांच्या सीलवाल्या ३५०ला मागेही न्यूट्रलच लागते. पिस्टन कुठला कुठल्या रॉडवर आहे ते मार्करने लिहून आणा, पोत्यात एकत्र ओतून आणू नका.

डॅम्पर भाच्याबरोबर येईपर्यंत थांबायची गरज नाही. आतून बॅलन्स होणारं इंजिन आहे, तो नंतर लावून तपासू. बोल्ट ६० फूट-पाउंड, म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. आणि भाच्याला सांगा, डॅम्परबरोबर बोल्टखालचा तो जाड वॉशरही घे. लहान तुकडा आहे, बहुतेक लोक विसरतात, आणि मग इथे लेथवर करत बसावं लागतं.